काट्यावर न दिसणारी चरबी

(दृश्य: पर्वतीच्या पायऱ्या, सकाळचे सहा)

दोघे मित्र. वय सारखं, उंची सारखी, वजनही सारखंच. निम्म्या पायऱ्या होतात. एकाची पाणीकपातीवरची टीका अजून चालूच आहे. दुसऱ्याचं नुसतं ‘हो ना’सुद्धा तोंडातच राहतं, हात गुडघ्यावर, छातीचा भाता.

वजनकाट्याच्या लेखी दोघांत काहीच फरक नाही. हाडं, स्नायू, चरबी, पाणी या सगळ्याचा तो एकच आकडा करतो.

या फसगतीचा गाजलेला दाखला पुण्याचाच. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात चक्क स्वतःचीच मापं छापली. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, दोघांचाही २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के!

(दृश्य: गावातलं घर, पाळणा)

याची मुळं जन्माआधीच सापडतात. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू झाला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपली बाळं हडकुळी, स्नायू कमी; पण पाठीवर कातडीखालची चरबी चिमटीत धरून मोजली, तर ती त्या मानाने टिकून होती. पुढे हातापायांच्या काड्या आणि पोट तेवढं सुटलेलं, अशी माणसं आपल्या प्रत्येकाच्या घरात आहेत. त्यांना कुणी जाडं म्हणत नाही, हीच पंचाईत.

(दृश्य: पायऱ्या उतरणारे पाय, जवळून)

जेवणातली बरीचशी साखर स्नायू उचलतात. चालताना, चढताना तर त्यांना त्यासाठी इन्सुलिनची तितकी गरजही पडत नाही. म्हणून वजन तसूभर न हलताही व्यायाम लागू पडतो: हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, पोटातली चरबी उतरू लागते, दम टिकतो. उतरतानाही मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलतात. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्या बहुतेक यामुळेच.

तरी रोज टेकडी केली की झालं, हा पुणेरी समज काही खरा नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, आणि वर दोन दिवस ताकदीचा. हा दुसरा भाग आपण सोयीस्करपणे विसरतो. पेठांतल्या तालमींत जोर-बैठका निघायच्या, तो हाच व्यायाम. टेकडीवरून थेट मिसळीच्या दुकानात जाणाऱ्यांबद्दल काय बोलावं!

(दृश्य: शिंप्याची टेप)

काट्यापेक्षा ही टेप बरी. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध धरायची, श्वास सोडून. पोट आत ओढायचं नाही. भारतीय पुरुषाला ९० सेंटिमीटर, बाईला ८०. त्यापुढे गेलात, तर वजन कितीही ‘नॉर्मल’ असो, साखर तपासून घ्या.