कैद्याच्या उपचाराचं बिल करदात्यांनी का भरायचं?

नमस्कार मंडळी. २०२४ च्या अमेरिकेतल्या अध्यक्षीय निवडणुकीत शेवटच्या काही आठवड्यांत एक जाहिरात सतत टीव्हीवर दिसत होती. फुटबॉलचे सामने लागले की ती लागायचीच. जाहिरात ट्रम्प यांच्या प्रचाराची होती आणि तिच्यात कमला हॅरिस यांचा २०१९ मधला जुना व्हिडिओ होता. तुरुंगातल्या ट्रान्सजेंडर कैद्यांना शस्त्रक्रियेसह सगळे उपचार मिळाले पाहिजेत, अशी भूमिका त्यांनी तेव्हा घेतली होती. जाहिरातीचा रोख सरळ होता: तुमच्या कराच्या पैशातून हे चाललंय, आणि तुम्हाला हे मान्य आहे का?

जाहिरातीचा परिणाम झाला, कारण त्यामागचा प्रश्न खोटा नव्हता. गुन्हा एकाने करायचा आणि त्याच्या उपचारांचे पैसे दुसऱ्याने भरायचे, हे कुणालाही पटकन पटत नाही. माझं मत मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्हाला ते धरून ऐकता येईल. ज्याने माणसाला कोंडलंय, त्याने डॉक्टरला आत येऊ दिलं पाहिजे. आणि डॉक्टरने काय लिहून द्यायचं हे विधिमंडळाने किंवा राष्ट्राध्यक्षाने ठरवू नये. आजार कुठलाही असो, आणि हाही त्याला अपवाद नाही.

आता मुळापासून बघू. कैद्याच्या औषधपाण्याचा खर्च सरकारच्या गळ्यात पडला कसा?

[पडद्यावर: १९७६, एस्टेल विरुद्ध गॅम्बल]

नोव्हेंबर १९७३. टेक्सासच्या तुरुंगात एका कैद्याला ट्रकमधून कापसाच्या गाठी उतरवायच्या कामाला लावलेलं होतं. एक गाठ त्याच्या अंगावर पडली आणि पाठ जायबंदी झाली. दुखणं हटेना. मग कामावर जायला नकार दिला म्हणून त्याला शिक्षाही झाली. त्याने हाताने लिहिलेली तक्रार कोर्टात गेली आणि शेवटी सुप्रीम कोर्टापर्यंत पोचली. १९७६ मध्ये न्यायमूर्ती थर्गूड मार्शल यांनी निकाल लिहिला. अमेरिकेच्या राज्यघटनेची आठवी दुरुस्ती क्रूर आणि असाधारण शिक्षेला मनाई करते. कैद्याच्या गंभीर आजाराकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणं हीसुद्धा तशीच शिक्षा आहे, असं कोर्टाने ठरवलं.

या निकालातला तर्क मला आजही बिनतोड वाटतो. तुरुंगाबाहेरच्या माणसाला दवाखान्यात जाता येतं, उसने पैसे घेता येतात, एका डॉक्टरचं पटलं नाही तर दुसऱ्याकडे जाता येतं. कैद्याला यातलं काहीच करता येत नाही. तुरुंगाने उपचार दिले नाहीत, तर त्याला ते मिळतच नाहीत. त्या निकालात नॉर्थ कॅरोलायनाच्या कोर्टाचं १९२६ मधलं एक वाक्य घेतलंय. त्याचा आशय असा, की स्वातंत्र्य काढून घेतल्यामुळे जो स्वतःची काळजी घेऊ शकत नाही, त्याची काळजी जनतेने घ्यावी हेच न्याय्य आहे. म्हणजे जनतेवरच्या या जबाबदारीचा उल्लेख १९७६ च्या निकालाच्याही पन्नास वर्षं आधीपासून आहे. हे कुणी नव्याने शोधून काढलेलं नाही.

बरं, ज्या कैद्याच्या नावाने हा नियम ओळखला जातो, तो स्वतः मात्र तुरुंगाच्या डॉक्टरविरुद्धचा दावा हरला. तीन महिन्यांत त्याला सतरा वेळा तपासलं होतं, त्यामुळे हे दुर्लक्ष ठरत नाही, असं कोर्ट म्हणालं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. कैद्याला हवा तो उपचार मागायचा हक्क या निकालाने दिलेला नाही. गंभीर आजाराकडे पाठ फिरवू नका, एवढंच तो तुरुंगाला सांगतो.

कुणी म्हणेल, मग त्यांनी स्वतः पैसे भरावेत. कशातून? संघीय, म्हणजे केंद्र सरकारच्या, तुरुंगात नेहमीच्या कामाची मजुरी तासाला १२ ते ४० सेंट आहे. गरिबांसाठीची मेडिकेड ही सरकारी योजना १९६५ साली सुरू झाली, तेव्हापासून तुरुंगातल्या माणसाच्या उपचारांवर तिचा संघीय पैसा खर्च करता येत नाही. ठळक अपवाद म्हणजे कैद्याला बाहेरच्या रुग्णालयात चोवीस तास किंवा जास्त दाखल करावं लागलं तर. त्यामुळे खर्च तुरुंग चालवणाऱ्या सरकारच्याच तिजोरीतून होतो. बायपास असो, मधुमेह असो, दाढदुखी असो.

आता वादाचा उपचार. जेंडर डिस्फोरिया हे एक वैद्यकीय निदान आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या नियमावलीत ते २०१३ पासून या नावाने आहे. आपलं शरीर आणि आपली लिंगओळख यांतल्या विसंगतीमुळे होणारा तीव्र, टिकून राहणारा त्रास, असा त्याचा अर्थ. प्रत्येक ट्रान्सजेंडर माणसाला तो असतोच असं नाही. ज्यांना असतो, त्यांच्यासाठी समुपदेशन असतं, अनेकांसाठी हार्मोन असतात, काहींसाठी शस्त्रक्रिया. तुरुंगातल्या खटल्यांमध्ये पुन्हा पुन्हा समोर आलेली गोष्ट म्हणजे उपचार नाकारले किंवा मध्येच तोडले, की काही कैदी आत्महत्येचा प्रयत्न करतात किंवा स्वतःच्याच शरीराला भयंकर इजा करून घेतात. तुरुंगाच्या स्वतःच्या नोंदींमध्ये हे लिहिलेलं असतं.

पैशांवर मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण सगळा आरडाओरडा पैशांच्या नावाने होतो आणि आकडे कुणी बघत नाही.

[पडद्यावर: विस्कॉन्सिन, २०११]

विस्कॉन्सिन राज्याने २००५ मध्ये कायदाच केला: कैद्यांच्या हार्मोनवर किंवा लिंगबदल शस्त्रक्रियेवर सरकारी पैसा किंवा साधनं वापरायची नाहीत. ज्यांना तुरुंगाच्याच डॉक्टरांनी हार्मोन सुरू केले होते, त्यांचे डोस कमी करायला सुरुवात झाली. कैदी कोर्टात गेले. २०११ मध्ये सातव्या सर्किटच्या (सर्किट म्हणजे संघीय अपील कोर्टाचा विभाग) अपील कोर्टाने कायदा रद्द केला, आणि त्या निकालात हिशेबच मांडलेला आहे. हार्मोनचा खर्च एका कैद्यामागे वर्षाला ३०० ते १,००० डॉलर. २००४ मध्ये राज्याने दोन कैद्यांच्या हार्मोनवर मिळून २,३०० डॉलर खर्च केले. त्याच वर्षी एकाच मानसोपचाराच्या औषधावर, क्वेटायपिनवर, खर्च झाले २५ लाख डॉलर. पुढच्या वर्षी एका कैद्याच्या बायपाससाठी ३७,२४४ आणि एकाच्या मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी ३२,८९७ डॉलर दिले गेले. लिंगबदलाच्या शस्त्रक्रियेचा अंदाज तेव्हा २०,००० डॉलरच्या आसपास होता.

बायपासविरुद्ध कुणी जाहिरात केली नाही. करूही नये. पण २,३०० डॉलर वाचवायला स्वतंत्र कायदा लागतो आणि २५ लाखांकडे कुणाचं लक्ष जात नाही, तेव्हा तिथे पैशांची काळजी होती असं मला तरी म्हणता येत नाही. उलट हार्मोन बंद केले, तर बाकीचे उपचार आणि जादा पहारा यावरच जास्त खर्च होऊ शकतो, हेही कोर्टाने नोंदवलं. आणि एक उदाहरण दिलं: कर्करोग झालेल्या कैद्यांना फक्त समुपदेशन आणि वेदनाशामक गोळ्याच द्यायच्या, असा कायदा केला असता, तर तो घटनाबाह्य ठरवायला आम्हाला काहीच अडचण आली नसती.

आता शस्त्रक्रिया. इथे गोष्ट खरोखर अवघड होते, आणि ती सोपी असल्यासारखं मी बोलणार नाही.

अमेरिकेतली अपील कोर्टं इथे एकमताची नाहीत. मॅसॅच्युसेट्समध्ये पत्नीच्या खुनासाठी जन्मठेप भोगणाऱ्या एका कैद्याला शस्त्रक्रिया द्या, असं २०१२ मध्ये जिल्हा न्यायाधीशांनी सांगितलं. २०१४ मध्ये वरच्या कोर्टाने तीन विरुद्ध दोन मतांनी ते फिरवलं. उपचारांचे दोन मार्ग असतील, दोन्हींच्या मागे डॉक्टर असतील आणि तुरुंगाने त्यातला एक निवडला असेल, तर ते दुर्लक्ष नव्हे, असं बहुमताचं म्हणणं. टेक्सासच्या बाबतीत २०१९ मध्ये पाचव्या सर्किटनेही कैद्याच्या विरोधात निकाल दिला. आणि त्याच वर्षी आयडाहोच्या एका कैद्याच्या बाजूने नवव्या सर्किटने निकाल दिला. तिने स्वतःवर शस्त्रक्रिया करायचा दोनदा प्रयत्न केला होता, आणि तिच्याबाबतीत शस्त्रक्रिया आवश्यक असल्याचा पुरावा कोर्टाला ठोस वाटला. सगळ्यांनाच द्या, असं त्या कोर्टानेही म्हटलेलं नाही. फक्त या रुग्णाचं बघा, असं म्हटलं.

आयडाहोच्या त्या कैद्याची शस्त्रक्रिया २०२० मध्ये झाली. राज्याने शेवटपर्यंत विरोध केला, सुप्रीम कोर्टाकडे स्थगिती मागितली, ती मिळाली नाही. मग २०२२ मध्ये कैद्याच्या वकिलांच्या फीचा हिशेब आला. राज्याला आणि तुरुंगाची वैद्यकीय सेवा चालवणाऱ्या खासगी कंपनीला मिळून २५ लाख डॉलरहून जास्त द्यायला न्यायाधीशांनी सांगितलं. हे फक्त समोरच्या पक्षाच्या वकिलांचे पैसे. करदात्याच्या नावाने लढलेल्या या लढाईचा खर्च मूळ उपचारांच्या कितीतरी पट झाला.

कॅलिफोर्नियात जानेवारी २०१७ मध्ये कैद्याची पहिली सरकारी खर्चाची शस्त्रक्रिया झाली. ती कैदी खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप भोगत होती. ज्यांचा खून झाला, त्यांच्या मुलीने जाहीरपणे संताप व्यक्त केला. तिचं बोलणं मी बाजूला सारणार नाही. वडील गेले, आणि ज्याच्यामुळे गेले त्याच्या शस्त्रक्रियेसाठी आपण कर भरतोय, ही भावना कुठल्याही कोर्टाच्या निकालाने शांत होत नाही. तिने ती शांत करावी, असंही मी म्हणणार नाही. पण शिक्षा काय, हे न्यायाधीशाने सुनावलेलं असतं. जन्मठेप म्हणजे जन्मठेप. तिच्यात औषध तोडण्याची शिक्षा नंतर कुणी जोडू लागलं, तर उद्या खुन्याची केमोथेरपीही याच रागाने थांबवता येईल.

मला सगळ्यात जड वाटणारा आक्षेप वेगळाच आहे. तुरुंगाबाहेरचा एखादा गरीब ट्रान्सजेंडर माणूस, ज्याने कधी कुणाचं वाईट केलं नाही, त्याला विम्यातून हाच उपचार मिळत नाही. आणि कैद्याला मिळतो. अमेरिकेत ज्यांना उपचारांचा घटनात्मक हक्क आहे असे लोक म्हणजे जवळपास कैदीच, असं तिथे नेहमी म्हटलं जातं, आणि ते बरंचसं खरं आहे. हा अन्याय आहेच. पण तो ट्रान्सजेंडर उपचारांपुरता नाही. इन्सुलिनलाही तो लागू होतो. बाहेरच्या माणसाला इन्सुलिन परवडत नाही म्हणून आतल्या माणसाचं बंद केलं, तर बाहेरच्याला एक थेंबही जास्त मिळत नाही. ज्यांना या विषमतेचा मनापासून राग येतो, त्यांनी बाहेरच्या माणसाच्या विम्यासाठी भांडावं. मी त्यांच्या बाजूने उभी राहीन.

आता २०२५ मध्ये काय झालं, ते थोडक्यात. २० जानेवारी २०२५ ला, पदावर आल्याच्या पहिल्याच दिवशी, ट्रम्प यांनी आदेश काढला. कैद्याचं रूप विरुद्ध लिंगासारखं करणाऱ्या कुठल्याही उपचारावर संघीय पैसा खर्च करायचा नाही. तेव्हा संघीय तुरुंगांत साधारण दीड लाखाहून जास्त कैदी होते. त्यात हार्मोन घेणारे सहाशेच्या वर, म्हणजे हजारी चार. आणि संघीय तुरुंगांत २०२४ पर्यंत झालेल्या शस्त्रक्रिया दोन.

जून २०२५ मध्ये न्यायाधीश रॉयस लँबर्थ यांनी या आदेशाच्या अंमलबजावणीला अंतरिम मनाई केली. लँबर्थ यांची नेमणूक रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी केलेली, त्यामुळे यात पक्ष शोधू नका. घटनेच्या मोठ्या प्रश्नात ते शिरलेच नाहीत. सरकारी खात्याला धोरण बदलायचं असेल तर विचार करून, कारणं देऊन बदलावं लागतं, आणि इथे ते झालेलं दिसत नाही, एवढ्यावर त्यांनी निकाल दिला. कैद्यांनी या दाव्यात शस्त्रक्रिया मागितलीच नव्हती. चालू असलेले हार्मोन आणि कपड्यांसारख्या सवलती तोडू नका, एवढंच त्यांचं मागणं होतं. त्याच वर्षी जॉर्जिया राज्यानेही विस्कॉन्सिनसारखाच बंदीचा कायदा केला, आणि तोही संघीय कोर्टात अडला.

माझ्या मते रेषा अशी असावी. ज्यांचे हार्मोन चालू आहेत आणि डॉक्टरांना ते गरजेचे वाटतात, त्यांचे चालू ठेवायचे. शस्त्रक्रियेचा निर्णय रुग्णागणिक, तज्ज्ञ डॉक्टरांनी, बाकीच्या मोठ्या शस्त्रक्रियांच्याच निकषांवर घ्यायचा. आणि नाही म्हणायचं असेल, तर ते फाइलमध्ये वैद्यकीय कारणासकट लिहायचं. मॅसॅच्युसेट्सचा निकाल मला पूर्ण पटत नाही, पण तिथे निदान डॉक्टरांच्या मतांची तुलना तरी झाली होती. सरसकट बंदीत रुग्णाला कुणी तपासतच नाही.

ज्यांना अशी बंदी हवी आहे, त्यांना माझा प्रश्न आहे, आणि कमेंटमध्ये उत्तर जरूर लिहा, मी वाचणार आहे. तुरुंगाच्याच डॉक्टरने निदान केलंय, औषध लिहून दिलंय, कैदी ते काही वर्षं घेतोय. बंदीनंतर दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टरने त्याला काय द्यायचं?