मणक्यातली ‘गॅप’ आणि ताणाचं यंत्र

मंडळी, तुम्हाला बसून अर्धा तास झालाय. ज्यांची कंबर कुरकुरायला लागली असेल त्यांनी खुशाल उठून मागे भिंतीला टेकून उभं राहावं. मला राग येणार नाही, उलट बरंच वाटेल.

माझ्याकडे येणारी माणसं दारातूनच निदान सांगतात, ‘मॅडम, मणक्यात गॅप आहे.’ गंमत म्हणजे एक्स-रेत दिसतं ते नेमकं उलटं. दोन मणक्यांमधली जागा कमी झालेली असते. गॅप नाहीशी होत चालली म्हणून तक्रार. दुसरा लाडका शब्द ‘गादी सरकली’. आता, ही गादी काही पलंगावरची गादी नाही की लोळलं आणि सरकली. ती वरच्या-खालच्या मणक्यांना घट्ट चिकटलेली असते. बाहेरून कांद्याच्या पापुद्र्यांसारखी चिवट वलयं, आत मऊ पाणीदार गर. वलयांना चीर गेली की गर बाहेर डोकावतो, मागून जाणाऱ्या नसेला टेकतो आणि तिथे सूज येते. मग कमरेतून निघालेली कळ कुल्ल्यातून, पोटरीतून थेट पायाच्या बोटांपर्यंत जाते. अमेरिकेतल्या मिक्स्टर आणि बार या दोन डॉक्टरांनी १९३४ साली हे स्पष्टपणे मांडलं.

पण एकदा ‘गॅप कमी झाली’ हे डोक्यात बसलं की उपाय आपोआप सुचतो. कमी झाली ना, मग ओढा! हिपोक्रेटिसच्या काळात माणसाला फळीवर बांधून दोन्हीकडून ताणत. आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाला शोधून आणत, तो पाठीवर पाय लावायचा. मग हॉस्पिटलात ‘वजनं लावली’ हा प्रकार आला, म्हणजे ट्रॅक्शन, ताण देणं. पलंगाच्या पायथ्याशी पाच-सहा किलो लोंबकळत ठेवायचे. खरं सांगायचं तर एवढ्या वजनानं मणके तसूभरही हलत नाहीत, जवळजवळ सगळा जोर अंग आणि पलंगावरची गादी यांच्या घर्षणातच जिरतो. वजनांचा खरा उपयोग एकच, माणूस पलंगाला जखडून राहायचा.

आता आलंय ते डिकंप्रेशनचं, म्हणजे गादीवरचा दाब कमी करायचं टेबल. ते मधोमध दुभागलेलं असतं. छातीला एक पट्टा, कमरेला एक. खालचा अर्धा भाग मोटरीनं सरकतो. ओढतो, थोडा थांबतो, सैल सोडतो, पुन्हा ओढतो. जोर साधारण तुमच्या वजनाच्या पाव ते निम्म्याइतका. ‘कुणीतरी आतून हळूच जागा करून देतंय असं वाटलं,’ असं एका एसटी चालकानं मला सांगितलं होतं. त्याहून चांगलं वर्णन मला अजून जमलेलं नाही.

जाहिरातीत सांगतात की यानं गादीतला दाब शून्याच्या खाली जातो. हे थापा म्हणून उडवून लावू नका. १९९४ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. रुग्ण टेबलावर असताना त्याच्या गादीत सुई घालून दाब मोजला, तो पाऱ्याच्या उणे १०० मिलिमीटरच्याही खाली उतरला. रुग्ण मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मला प्रश्न पडतो तो पुढचा. टेबलावरून उतरल्यावर काय?

तुम्ही रोज रात्री हाच उपचार फुकटात घेता. आडवं झालं की गाद्यांवरचा भार जातो, त्या पाणी शोषून फुगतात, आणि सकाळी तुमची उंची सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरनं वाढलेली असते. उठून वावरायला लागलं की त्यातली निम्मी पहिल्या तासाभरातच उतरते. अंतराळवीरांचं बघा. तिथे भारच नाही, चोवीस तास डिकंप्रेशन! उंची पाच सेंटिमीटरपर्यंत वाढते. मग त्यांच्या पाठी ठणठणीत असायला हव्यात ना? निम्म्याहून अधिक अंतराळवीरांची पहिल्या दिवसांत पाठ दुखते, आणि पृथ्वीवर परतल्यावर गादी फाटण्याचा धोका इतरांपेक्षा जास्तच असतो. गादीला ओढ लागते तशी भाराचीही गरज असते.

माझीच एक गोष्ट सांगते. सुरुवातीच्या काळात माझ्या ट्रॅक्शनच्या टेबलासाठी रांग लागायची. मी पण खूश. एकदा त्याची मोटर जळाली आणि पार्ट यायला तीन आठवडे लागले. तोवर काय करणार? आलेल्यांना चालायला लावलं, पोटाचे-पाठीचे व्यायाम दिले, जवळ बसून भीती काढली. आणि बहुतेक जण आधीच्यांच्याच गतीनं बरे होत गेले. हा काही अभ्यास नव्हे, मला माहीत आहे. पण मोटर दुरुस्त होऊन आली तेव्हा मी तिच्याकडे जरा संशयानंच पाहिलं.

अभ्यास नंतर वाचले. जगभरच्या चाचण्या एकत्र करून पडताळणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनं २०१३ साली ट्रॅक्शनवरच्या ३२ चाचण्या, २७६२ माणसं, एकत्र तपासली. निष्कर्ष असा की फरक जवळजवळ नाहीच. डॉक्टरांना उपचारांबद्दल सल्ला देणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं २०१६ साली सरळ लिहिलं, कंबरदुखीला, सायटिका म्हणजे पायात उतरणारी ती कळ असो वा नसो, ट्रॅक्शन देऊ नका. यंत्रवाले म्हणतात, आमचं कॉम्प्युटरवालं आहे, ते जुनं ट्रॅक्शन. असेल, पण त्यावरचे अभ्यास लहान आहेत.

मग इतके लोक बरे कसे होतात? नेदरलँड्समध्ये तीव्र सायटिकाच्या २८३ रुग्णांवर चाचणी झाली, २००७ साली प्रसिद्ध झाली. अर्ध्यांचं लगेच ऑपरेशन, अर्ध्यांना थांबवलं. ऑपरेशनवाल्यांना आराम लवकर पडला, पण वर्षाअखेरीस दोन्हीकडचे ९५ टक्के बरे. थांबवलेल्यांतल्या ३९ टक्क्यांना मात्र ऑपरेशन करावंच लागलं, तेही लपवायला नको. बाहेर आलेला गर शरीर हळूहळू खाऊन टाकतं, आणि गंमत म्हणजे मोठा, तुटून पडलेला तुकडा लहान फुगवट्यापेक्षा जास्त वेळा विरघळतो. आता डिकंप्रेशनचं पॅकेज बघा, वीस-पंचवीस बैठका, पाच-सहा आठवडे. नस शांत व्हायलाही बहुतेकांना तेवढेच लागतात! श्रेय कुणाला गेलं?

टेबलावर ज्याला आराम वाटतो त्याला मी हाकलत नाही. त्या आरामाच्या जोरावर तो चालायला लागला तर उत्तमच. पण स्कूटरच्या किमतीचं पॅकेज घेण्याआधी हाडं ठिसूळ आहेत का, मणक्यात फ्रॅक्चर, गाठ किंवा जंतुसंसर्ग आहे का, हे तपासून घ्या. तसं असेल तर ओढणं धोक्याचं.

आणि एका बाबतीत मात्र ना यंत्र, ना व्यायाम, ना वाट बघणं. लघवी अडकली, कळेनाशी झाली, सायकलच्या सीटला टेकतो तो भाग बधिर झाला, तर त्याच रात्री हॉस्पिटल गाठायचं. चालताना चप्पल पायातून निसटते आणि कळतच नाही, तेव्हाही सर्जनला दाखवायला उशीर करायचा नाही.

मागून आजोबा विचारतायत, ‘मग बारला लटकू का?’ लटका की, पाय जमिनीला टेकलेले ठेवून, दहा-पंधरा सेकंद. खांद्याला सोसवत असेल तर. उलटं टांगून घेणारं टेबल मात्र नातवाच्या जिममध्येच राहू द्या. तुम्हाला ब्लडप्रेशर आहे, आणि काचबिंदूचे थेंब चालू आहेत असं तुम्हीच मघाशी चहाला सांगितलंत.