रोमचा मिथ्रास म्हणजे आपला 'मित्र' का?

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आलाय: "ताई, मिथ्रास म्हणजे आपला वेदातला मित्रच ना?" आज त्यावरच बोलू.

मूळ माहिती पटकन. रोमन साम्राज्य, इसवी सनाचं पहिलं ते चौथं शतक, मिथ्रास या देवाचा गुप्त पंथ. सैनिक, जकातीचे कारकून, गुलामगिरीतून सुटलेली माणसं. बायकांना प्रवेश नाही. दीक्षेच्या सात पायऱ्या, 'कावळ्या'पासून 'पित्या'पर्यंत. झालं.

आता नाव. सूर्यनमस्कारात आपण पहिलं 'मित्राय नमः' म्हणतो ना, त्या मित्राचा इराणी भाऊ मिथ्र, आणि त्याच्यावरून मिथ्रास. इथवर मान्य. पण नाव पोचलं म्हणजे देव जसाच्या तसा पोचला, असं नाही हो!

(पडद्यावर शिल्पाचा फोटो)

नीट बघा. मिथ्रासने बैलाच्या पाठीवर गुडघा रोवलाय, नाकपुड्या धरून मुंडकं मागे खेचलंय, खांद्यात सुरा खुपसलाय. कुत्रा आणि साप रक्ताकडे झेपावतायत, विंचू वृषणांना डसलाय, शेपटीच्या टोकाला गव्हाच्या ओंब्या. आणि मिथ्रासचं तोंड? भलतीकडेच वळलेलं.

आता ऋग्वेदाचं तिसरं मंडल, ५९वं सूक्त काढा. अख्खं मित्राचं. तो पृथ्वी आणि आकाश धरून ठेवतो, माणसांकडे पापणी न लववता बघतो. बैल मारणं? नाही.

बरं, इराणात तरी? अवेस्ता म्हणजे पारशी धर्मग्रंथ; त्यातल्या मिहिर यश्तात, म्हणजे मिथ्रच्या स्तोत्रात, मिथ्र बैल मारत नाही. उलट पारशी कथेत पहिल्या बैलाचा जीव घेतो तो अहरिमन, दुष्टशक्ती! फ्रान्झ क्युमाँ या मोठ्या अभ्यासकाने हा पंथ थेट इराणातून आल्याचं मांडलं, पण १९७१च्या मँचेस्टर परिषदेत त्यालाच आव्हान मिळालं. तरी कमेंटमध्ये "वेद रोमला पोचले" चालूच. मला खरंच वाईट वाटतं, कारण त्या नादात हे शिल्प कुणी बघतच नाही.

मिथ्रासही येशूसारखा २५ डिसेंबरला जन्मला म्हणतात ना, त्याचंही तेच. ३५४ सालच्या रोमन पंचांगात त्या दिवशी 'अजिंक्याचा जन्म' एवढंच आहे, मिथ्रासचं नाव नाही. शिवाय मिथ्रास आईच्या पोटी नाही, खडकातून जन्मतो.

रोममध्ये सॅन क्लेमेंते या चर्चला मी गेले होते. वर बाराव्या शतकातलं चर्च, त्याखाली चौथ्या शतकातलं, आणि आणखी खाली उतरलं की मिथ्रासची खोली. ठेंगणं कमानदार छत, दोन्ही बाजूंना जेवायला बसायचे दगडी कट्टे, मधोमध वेदी आणि तिच्यावर तोच बैल. कुठूनतरी जमिनीखालून वाहत्या पाण्याचा आवाज येत होता. गजांना धरून मी कितीतरी वेळ तो वळलेला चेहराच बघत राहिले.