सुटलेल्या माशाच्या पोटात काय असतं?

समुद्रात जाळीच्या पिंजऱ्यात पाळलेला सॅल्मन मासा सुटून पुन्हा जाळ्यात आला आणि त्याचं पोट चिरलं, की बऱ्याचदा आत काहीच निघत नाही. कधी लाकडाची कपची निघते, कधी शेवाळाचा तुकडा. असलं का गिळलं असेल त्यानं? जन्मापासून त्याला अन्न एकाच रूपात भेटलेलं असतं: वरून पडणारी, सावकाश बुडणारी तपकिरी गोळी. तशा आकाराचं काही दिसलं की तो तोंड उघडतो. समोरून चमकून निसटणारा छोटा मासा हेही खाणंच आहे, हे त्याला ठाऊक नसतं.

ऑगस्ट 2017 मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात सायप्रेस (Cypress) बेटाजवळचा पिंजरा कोसळला आणि दोन लाखांहून जास्त अटलांटिक सॅल्मन पॅसिफिकच्या पाण्यात शिरले. परत पकडलेल्यांपैकी बहुतेकांची पोटं रिकामी होती. अशा वेळी लोक सुटकेचा श्वास टाकतात: खातच नाही, म्हणजे उपाशी मरेल, जंगली माशांची काळजी मिटली. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो.

एक तर पोट फार तर गेल्या एक-दोन दिवसांचं सांगतं. महिन्यांचा हिशेब हवा असेल तर चरबी तपासावी लागते. हल्लीच्या माशांच्या खाद्यात सोयाबीन, रेपसीडसारखी तेलं असतात. त्यामुळे पाळीव माशाच्या अंगात या तेलांतलं लिनोलेइक आम्ल, म्हणजे चरबीचा एक घटक, भरपूर असतं. समुद्रातल्या नैसर्गिक अन्नात ते फार थोडं. सुटलेला मासा शिकार करू लागला की अंगातलं हे प्रमाण हळूहळू उतरतं. म्हणजे तो कधी शिकला, याचा माग त्याच्या मांसातच राहतो.

आणि काही मासे शिकतात, हे नक्की. फरक वयाचा आणि ऋतूचा असतो. नदीतून समुद्राकडे जाण्याच्या वयात, वसंतात सुटलेलं पिल्लू जंगली भावंडांसारखं दूर जातं, शिकार करतं, एक-दोन वर्षांनी परतही येतं. शरदात सुटलेले मोठे मासे मात्र कित्येकदा पिंजऱ्यांच्याच आसपास घुटमळतात आणि जाळीबाहेर सांडलेल्या गोळ्या टिपतात. भूमध्य समुद्रातल्या सी ब्रीम या पाळीव माशाची गोष्ट आणखी वेगळी. त्याच्या जबड्यात दाढांसारखे चपटे दात असतात, शिंपले फोडायचेच ते. सुटल्यावर शिंपल्यांच्या शेतीचा रस्ता त्याला सापडतो.

आता नदीचं बघा. अंडी घालायला नदीत चढणारा जंगली अटलांटिक सॅल्मनसुद्धा खाणं सोडतो. समुद्रात साठवलेल्या चरबीवर महिनोन्‌महिने निभावतो. मग तिथे पकडलेल्या सुटक्या माशाचं रिकामं पोट पाहून आपण काय ठरवणार? पिंजऱ्यातून तो मुळात गुबगुबीत होऊनच निघालेला असतो. नॉर्वेच्या कित्येक नद्यांत अशा माशांचा जंगली सॅल्मनशी संकर झालेला आहे. तिथल्या सुटक्या मादीचं पोट चिरलं, तर अन्नाचा कण नसेल, पण नारिंगी अंडी ठासून भरलेली असतील.