बाटलीतला जिवाणू काय करत होता?

हाफकिन संस्था असलेल्या परळमध्ये उभं राहून लशीबद्दल बोलायचं आणि प्लेगची लस बनवणाऱ्या हाफकिनांचं नाव घ्यायचं नाही, हे मला जमणार नाही. 1896 साली मुंबईच्या मांडवीत प्लेग फुटला. हाफकिन मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात कामाला लागले. बोकडाच्या मांसाचा रस काढायचा, त्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे. (तूप म्हटल्यावर मागच्या रांगेतले सरसावून बसले, बघा!) जिवाणू त्या थेंबांना धरून वाढतात आणि रसात खाली पारंब्यांसारखे उतरतात. बाटली हलवली की ते तळाशी बसतात, वर नवी पैदास सुरू होते. मग सगळं तापवून मारायचं. 10 जानेवारी 1897 ला त्यांनी ती लस आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या, आपणहून पुढे आलेल्या कैद्यांना दिली.

मला ही गोष्ट शंभरदा सांगायला आवडेल. पण माझा प्रश्न त्या बाटलीबद्दल आहे. मारण्याआधी तो जिवाणू नेमकं काय तयार करत होता?

प्लेगचा जिवाणू पिसवेच्या अंगात असतो तेव्हा त्याची चिकट गाठ तिच्या पोटाच्या तोंडाशी अडकते. माणसाच्या अंगात, 37 अंशांना, ती गाठ बनवणारी यंत्रणा मागे पडते आणि जिवाणूवर एफ-वन नावाचं प्रथिनाचं आवरण चढतं. ऊब लागल्याचं जिवाणूला कळतं कसं? एक उदाहरण सांगतो, एफ-वनचं नाही, हल्ल्याच्या दुसऱ्या जनुकांचं. एलसीआरएफ हा त्या जनुकांना चालू करणारा नियामक. त्याचा संदेश-आरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्याचा निरोप, थंडीत दुमडलेला असतो, त्यामुळे प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमला जागा मिळत नाही. ऊब लागली की घडी सैल होते आणि एलसीआरएफ बनायला लागतो. आणि हल्लीच्या बऱ्याच प्रायोगिक प्लेग-लशींमध्ये एफ-वन असतं!

आणि आपली पाठ्यपुस्तकं? जनुकं चालू-बंद कशी होतात हे दाखवणारा जेकब-मोनोंचा 1961चा लॅक ऑपेरॉन एका प्रकरणात, लस भलत्याच प्रकरणात. मुलांना वाटतं, यांचा एकमेकांशी संबंधच नाही. मला याचा मनापासून राग येतो.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. घटसर्प भरभर सांगतो. त्याची लस म्हणजे जिवाणूचं विषच, फॉर्मालिनने निर्विष केलेलं. पण रसात लोह जास्त झालं तर विष बनतच नाही. 1930च्या दशकात हे लक्षात आलं, कारण नंतर कळलं: लोह मिळालं की डीटीएक्सआर हे प्रथिन विषाच्या जनुकावर जाऊन बसतं. म्हणजे लोहाचं प्रमाण चुकलं तर लशीसाठी लागणारं विषच हाती येत नाही.

डांग्या खोकल्याचंही तसंच. लेस्ली आणि गार्डनर यांनी 1931 मध्येच दाखवलं की प्रयोगशाळेत वाढवता वाढवता जिवाणू बदलत जातो. बीव्हीजी ही त्याची जनुकं चालू-बंद करणारी प्रथिनांची जोडी 37 अंशांना चालू असते. गारवा मिळाला किंवा मॅग्नेशियम सल्फेट घातलं की बंद पडते. आजच्या पेशीविरहित लशीत (म्हणजे अख्खा जिवाणू नसलेल्या लशीत) निर्विष करून घातलेलं विष आणि एफएचए व पर्टॅक्टिन ही चिकटायला मदत करणारी प्रथिनं, तिन्ही या जोडीच्याच हुकमाखाली आहेत. जोडी बंद असताना वाढवलेल्या जिवाणूत ही प्रथिनं शोधून मिळत नाहीत. शिक्षक मंडळींनी आता आधी प्रश्न विचारावेत.