पन्हाळा ते पावनखिंड : बांधावरची वाट

पन्हाळगडावरून बाहेर पडणारी राजदिंडीची ही अरुंद वाट जुलैच्या पावसात ओढ्यासारखी वाहते आणि पदभ्रमंतीला आलेल्यांना पहिली पावले याच पाण्यातून टाकावी लागतात. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून शिवाजी महाराज १२ जुलै १६६० च्या रात्री विशाळगडाकडे निघाले, तेही अशाच पावसात. त्या रात्रीच्या स्मरणार्थ दर पावसाळ्यात इथून पावनखिंडीपर्यंत मोहिमा निघतात. अंतर पन्नासेक किलोमीटरचे आणि मुक्काम वाटेतल्या एखाद्या वाडीत.

म्हाळुंगे मागे टाकून चढ संपला की मसाई पठार लागते. धुक्यामुळे दूरचे काहीच दिसत नाही, पण पायाखालचा जांभा पाहण्यासारखा आहे. हा सच्छिद्र दगड पावसाचे पाणी मुरवून घेतो आणि पठाराच्या कडेखाली झऱ्यांच्या रूपाने परत देतो. त्याच्या खरबरीत पाठीवर बूट चांगला धरतो; मात्र खोलगट जागी साचलेल्या पाण्याखाली शेवाळे असते, म्हणून जाणते भटके आधी काठी टेकवतात आणि मगच पाऊल टाकतात.

पठार उतरल्यावर कुंभारवाडी, खोतवाडी, करपेवाडी अशा वाड्यांमधून वाट थेट भातखाचरांत शिरते. लावणी चालू असते. इरले पांघरून वाकलेल्या बाया चिखलात रोपे खोवतात आणि त्यांच्या बाजूने, वीतभर रुंदीच्या बांधावरून, भटक्यांची रांग पुढे सरकते. हा बांध चालण्यासाठी घातलेला नाही. खाचरात पाणी तुंबून राहावे म्हणून शेतकऱ्याने तो दर वर्षी चिखलाने लिंपून उभा केलेला असतो. एकामागून एक, मधोमध पाऊल ठेवून चालले तर तो टिकतो. फोटोसाठी दोघे शेजारी उभे राहिले तरी त्याची कड खचते. भटक्यांना ही वाट या गावांच्या मोठेपणामुळे मिळाली आहे, हे प्रत्येक मोहिमेच्या म्होरक्याने निघण्यापूर्वी सांगितलेच पाहिजे. बांध फुटला की पाणी निसटते आणि कोवळी रोपे उघडी पडतात.

पुढे म्हसवड्याचे जंगल, बुटात शिरणाऱ्या जळवा आणि मग पांढरेपाणी हे गाव. बाजीप्रभूंनी जिथे शत्रूला रोखून धरले, त्या घोडखिंडीत म्हणजेच आजच्या पावनखिंडीत बहुतेक मोहिमा थांबतात. विशाळगडापर्यंत पायी जाणारे थोडे असतात.