टर्की, फोर-टेन आणि चाळीस यार्डांवरचा कागद

[दृश्य: अंधार. ओकच्या झाडांच्या काळ्या आकृत्या. पूर्वेला राखाडी रेघ.]

एप्रिलचा तिसरा सोमवार. अमेरिकेतल्या मिझुरी राज्याचा दक्षिण भाग, ओझार्कचा डोंगराळ मुलूख. उजाडायला अजून वेळ आहे. टर्कीच्या शिकारीला आलेल्या बाई तोंडाशी दोन्ही हात धरतात आणि घुबडासारख्या घुमतात. क्षणभर काहीच नाही. मग समोरच्या डोंगराच्या सोंडेवरून कुणीतरी चिडून उत्तर देतं.

[आवाज: टर्कीच्या नराची खडखडती साद.]

वसंतात टर्की या मोठ्या रानपक्ष्याच्या नराला कशाचंही उत्तर द्यावंसं वाटतं. घुबड घुमलं, कावळा ओरडला, ढग गडगडले, गाडीचं दार आपटलं, तरी हा झाडावर बसल्या बसल्या ओरडून घेतो. मेघगर्जनेला केका देणारा मोर ज्यांनी ऐकला आहे, त्यांना याचं नवल वाटणार नाही.

बाई सत्तरीच्या आहेत. चाळीस वर्षं त्यांनी बारा बोरची बंदूक वापरली. मग खांद्याची शस्त्रक्रिया झाली, आणि बारा बोरचा दणका सोसेना. आज त्यांच्या मांडीवर आहे ती फोर-टेन, एकनळी, वजनाला जेमतेम अडीच किलो.

[दृश्य: बंदुकीची नळी जवळून. बाजूला बारा बोरचं काडतूस, शेजारी फोर-टेनचं.]

बोर म्हणजे काय, हे एकदा सांगून टाकू. एक पौंड शिशाचे सारखे बारा गोळे केले, तर त्यातला एक गोळा ज्या नळीत नेमका बसेल ती बारा बोर. वीस गोळे केले तर वीस बोर. म्हणजे आकडा वाढला की नळी बारीक होते. फोर-टेन या हिशेबात बसत नाही. तिचं नाव थेट नळीच्या व्यासावरून पडलं: इंचाचे चारशे दहा सहस्रांश, साधारण १०.४ मिलिमीटर. बारा बोरची नळी १८.५ मिलिमीटरची असते. दोन्ही काडतुसं शेजारी ठेवली की फोर-टेनचं एखाद्या जाड खडूसारखं दिसतं.

खडूएवढ्या काडतुसात छर्रे किती मावणार? पूर्वी प्रश्न इथेच संपायचा. टर्कीचं अंग दाट पिसांनी आणि जाड स्नायूंनी झाकलेलं असतं, म्हणून नेम धरतात तो डोक्यावर आणि मानेवर. तेवढ्या छोट्या जागेत चार-पाच छर्रे लागायचे, तर त्या भोवताली शंभरेक तरी पडायला हवेत. तीन इंची फोर-टेन काडतुसात सहा नंबरचे शिशाचे छर्रे दीडशेच्या आसपास बसतात. वीस-पंचवीस यार्डांपलीकडे ते विरळ होतात, आणि मग पक्षी मरत नाही, जखमी होऊन पळतो. शिकाऱ्याला याहून वाईट शेवट नाही.

[दृश्य: तळहातावर छर्ऱ्यांच्या दोन ढिगल्या.]

डावीकडे शिसं, पाच नंबर. उजवीकडे टंगस्टन, नऊ नंबर. छर्ऱ्यांचा आकडाही बोरसारखाच उलटा चालतो, मोठा आकडा म्हणजे बारीक छर्रा. शिशाचा हा छर्रा तीन मिलिमीटरचा, टंगस्टनचा दोन मिलिमीटरचा, मोहरीच्या दाण्याएवढा. मोहरीने एवढा मोठा पक्षी पडतो, हे पहिल्यांदा ऐकताना आम्हालाही पटलं नव्हतं.

पण तळहात वरखाली करून पाहा. शिसं पाण्याच्या अकरा पट जड, आणि हे टंगस्टनचं मिश्रण अठरा पट. छर्रा किती खोल जाईल हे, वेग सारखा असेल तर, ढोबळमानाने त्याची घनता आणि त्याचा व्यास यांच्या गुणाकारावर ठरतं. शिशाचे अकरा गुणिले तीन, तेहतीस. टंगस्टनचे अठरा गुणिले दोन, छत्तीस. बारीक दाणा जाड दाण्याच्या बरोबरीने, किंबहुना काकणभर जास्तच घुसतो. आणि बारीक असल्यामुळे मावतातही जास्त. एका औंसात पाच नंबरचे शिशाचे छर्रे १७० च्या आसपास, नऊ नंबरचे टंगस्टनचे ३६०.

आता बाईंच्या हातातलं काडतूस पाहा. टंगस्टन तेरा-सोळांश औंस, म्हणजे छर्रे सुमारे २९०. आणि त्या चाळीस वर्षं वापरत होत्या त्या बारा बोरच्या काडतुसात, पावणेदोन औंस शिशाचे पाच नंबरचे छर्रे? सुमारे ३००.

सगळी गंमत या दोन आकड्यांत आहे.

शिसं मऊ असतं. दारू पेटली की मागचे छर्रे पुढच्यांवर चेपले जातात, चपटे होतात, आणि चपटा छर्रा भरकटतो. टंगस्टन चेपत नाही, म्हणून छर्ऱ्यांचा थवा जास्त वेळ एकत्र राहतो. एवढ्या कठीण धातूने नळी खरवडली जाऊ नये म्हणून छर्रे जाड प्लॅस्टिकच्या कपात, म्हणजे वॉडमध्ये, भरलेले असतात. कोकणात शेतीरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक ज्यांनी भरताना पाहिली आहे, त्यांना दारू आणि छर्ऱ्यांच्या मधला बोळा आठवेल. वॉड हा त्याचाच शहाणा नातू. (आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौशी शिकार बंद आहे, तेव्हा ही हकिकत मिझुरीचीच समजावी.)

किंमत? एका काडतुसाला दहा डॉलर किंवा त्याहून जास्त. आणि छर्रा मांसात राहिला, तर दंतवैद्याचं बिल वेगळं.

[दृश्य: नळीच्या तोंडातून पेचाची छोटी नळी सोडवणारे हात.]

हा चोक. नळीच्या तोंडाशी केलेली बारीकशी चिंचोळ. पाइपच्या तोंडावर बोट दाबलं की पाण्याची धार लांब जाते, तसंच काहीसं. इंग्लंडमध्ये विल्यम पेप या कारागिराने १८६६ मध्ये या युक्तीचं पेटंट घेतलं होतं. पूर्वी चोक नळीतच कोरलेला असे. आता बऱ्याच बंदुकांना आट्यांवर बसणारे सुटे चोक मिळतात.

नवशिका इथेच चुकतो. त्याला वाटतं, जितकं चिंचोळं तितकं चांगलं. दुकानात गेला की सगळ्यात घट्ट चोक उचलतो, मग त्याला साजेसं काडतूस शोधत बसतो. आमच्या मते हा क्रम पार उलटा आहे. आधी ठरवायचं, किती अंतरावरून बार टाकणार. मग त्या अंतराला पुरेल असं काडतूस. चोक शेवटी, आणि तोही त्या काडतुसाला विचारून.

वीस बोरच्या नळीचा व्यास ०.६१५ इंच. तिच्यासाठी टर्कीचे चोक साधारण ०.५५५ ते ०.५७५ इंचांचे मिळतात, म्हणजे एक ते दीड मिलिमीटरची आवळण. फोर-टेनला अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास पुरते. न चेपणारा छर्रा अति आवळला, तर थव्याला मधोमध भोक पडतं किंवा तो एका बाजूला झुकतो. शिवाय चोक टंगस्टनसाठी चालतो असं बनवणाऱ्याने स्पष्ट लिहिलेलं हवं, आणि आटे त्याच बंदुकीचे हवेत. जुनी, कोरीव चोकची बंदूक असेल, तर आधी जाणकाराला दाखवावी.

[दृश्य: उघडं शेत. खांबावर ताणलेला मोठा पांढरा कागद. मध्ये काळा ठिपका.]

मोसमाच्या महिनाभर आधी आम्ही बाईंबरोबर इथे आलो होतो. चाळीस यार्ड, साधारण साडेछत्तीस मीटर. बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवलेली. आधी स्वस्त शिशाची काडतुसं, नेम कुठे जातो ते पाहायला. मग टंगस्टनचं एक.

बार झाल्यावर कागदापाशी जायचं, जिथे भोकं सर्वांत दाट आहेत तिथे दहा इंची वर्तुळ काढायचं, आणि मोजायचं. शिकाऱ्यांचा रूढ ठोकताळा असा की वर्तुळात शंभर भोकं हवीत. बाई पेन्सिलीने एकेका भोकावर टिंब देत मोजतात, ओठ हलवत, जपमाळ ओढल्यासारख्या.

त्यांच्या घट्ट चोकने भोकं पुरेशी दिली, पण सगळा थवा ठिपक्याच्या वर आणि डावीकडे गेला. आकडा पास, पक्षी नापास. दुसरा चोक थोडा सैल होता. त्याचा थवा मधोमध बसला. चाळीसवर मात्र शंभर भरले नाहीत, पस्तीसवर भरले. बाईंनी चोकवर खडूने लिहिलं: पस्तीस.

मग त्यांनी कागद पंधरा यार्डांवर आणायला लावला. पुन्हा एक बार.

[दृश्य: कागदात मुठीएवढं एकच फाटकं भोक.]

जवळ आलेला पक्षी चुकतो तो यामुळे. लोक म्हणतात छर्ऱ्यांची बंदूक आहे, नेम कशाला? पंधरा यार्डांवर हा थवा मुठीएवढा असतो, आणि टर्कीचं डोकं सतत मागेपुढे होत असतं.

[दृश्य: पिवळं आणि लाल काडतूस.]

वीस बोरची काडतुसं पिवळी का? चुकून ते बारा बोरच्या बंदुकीत पडलं, तर पुढे सरकून नळीत अडकतं. वरून बारा बोरचं भरून चाप ओढला, की नळी फुटते. म्हणून ज्याच्या घरात दोन बोर आहेत, त्याने खिसे वेगळे ठेवावेत.

आणि अंगावर लाल, पांढरं, निळं काही नको, मोजेसुद्धा. वसंतातल्या नराचं डोकं याच तीन रंगांचं असतं. राष्ट्रध्वजाचेच रंग अंगावर घालायची चोरी असलेला हा बहुधा एकमेव अमेरिकन छंद.

[दृश्य: सकाळ. वाळक्या पानांवर ऊन.]

इथे १९३७ मध्ये टर्कीची शिकार बंद झाली होती, कारण पक्षीच उरले नव्हते. उरलेले जाळ्यात धरून दुसऱ्या रानांत नेऊन सोडले, आणि १९६० मध्ये तीन दिवसांचा मोसम पुन्हा उघडला. त्या वर्षी मिळाले ९४ पक्षी.

बाईंनी अंधारातच पावलं मोजून पस्तीस यार्डांवर एक काटकी रोवली आहे. नर आला. शेपूट पसरून, पंख जमिनीला घासत, काटकीच्या पलीकडे. चाळीस असेल, पंचेचाळीस असेल. त्याच्याच पावलांचा आवाज. तो वळतो, फुगतो, पुन्हा वळतो. काटकी ओलांडत नाही.

बाईंचं बोट चापाबाहेर आहे.

सार्वजनिक रानात शिकार दुपारी एकला थांबते. एक वाजता बाई बंदूक बिजागरीवर मोडून उघडतात, काडतूस काढून खिशात टाकतात, आणि गुडघ्यावर हात ठेवून उठतात.

"दहा डॉलर वाचले," त्या म्हणतात. आणि काटकी उपटायला निघतात.